मशीनचा दसरा

१० सप्टेंबर १९८७, गुरुवार

आमच्या बियाणे संस्थेचा कॉम्प्युटर आज सदर भागातल्या कचेरीत आला. खोकी मोठमोठी, आतली वस्तू त्या मानाने बेताची. लहानू चपराशाने खोक्यांतला थर्मोकोल पुढच्या गणपतीच्या मखरासाठी लगेच बाजूला काढला. त्याचा कॉम्प्युटर तेवढाच.

कंपनीचा इंजिनिअर केशव म्हणजे अगदी कोवळा मुलगा. दुपारपर्यंत वायरी जोडून, प्रोग्राम घालून, मशीन चालवून दाखवून तो स्टेशनवर पळालाही. जाताना एवढे नीट समजावून गेला की, या मशीनला स्वतःला दिवसवार कळत नाही. सकाळी सुरू केले की ती आधी आजची तारीख विचारते. आपण टाकायची, मग आपला बियाण्याचा प्रोग्राम उघडतो.

पाचच्या सुमारास अध्यक्ष चंपतराव आले आणि दारातच थांबले. "काहून गा लहानू, पितरपाखात नवी वस्तू आनून राहिले तुमी? कोनाले इचारलं?" मग माझ्याकडे, म्हणजे हेडक्लार्ककडे, वळून, "बडेबाबू, दसऱ्यापर्यंत झाकून ठेवा. दसऱ्याले पूजा करू अन् मंगच चालू करा."

दसऱ्यापर्यंत झाकून कशी ठेवणार? रब्बीच्या बियाण्याची नोंदणी तोंडावर आलेली. शिवाय या वयात धरमपेठेच्या क्लासला पोराटोरांत बसून हे यंत्र शिकलो तो मी, आणि कार्यकारिणीपुढे "जबाबदारी माझी" म्हणणाराही मीच. अध्यक्षांचा डिप्लोमावाला पुतण्या माझ्या खुर्चीकडे बघत बसलाय, हे मला ठाऊक नाही असे थोडेच आहे.

तेवढ्यात मला सुचले. म्हटले, "अध्यक्षसाहेब, कोणता दिवस आहे ते मशीनला आपणच सांगायचं असतं. आपण तिला दसराच सांगू." चंपतराव क्षणभर माझ्याकडे बघतच राहिले आणि मग पोट धरून हसले. "म्हंजे आपल्याले पितरपाख अन् मशीनले दसरा! जमते, बडेबाबू, जमते."

मी दोन ऑक्टोबर ही तारीख टाकली. प्रोग्राम उघडला. टायपिस्ट गोपिकेने मशीनला हळदकुंकू वाहिले, लहानूने नारळ फोडला, आणि अध्यक्षांनी एकेक बटण शोधत पहिला सभासद म्हणून स्वतःचेच नाव घातले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आजवर या कचेरीत माझ्या डोक्याला कुणी टाळ्या दिल्या नव्हत्या.

गोपिका कुही गावची, इथे मावशीकडे राहते. नेमणूक तात्पुरती आहे. मशीन शिकली की ऑपरेटर म्हणून कायम करायचे ठरले आहे. सकाळी सर्वांत आधी तीच येते, म्हणून कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली तिच्याकडे दिली. तिने ती दोन्ही हातांनी घेतली आणि आधी कपाळाला लावली.

११ सप्टेंबर, शुक्रवार

दिवस वाईट गेला.

सकाळी पोचलो तेव्हा गोपिका खोली उघडून फडक्याने मशीन पुसत होती. मी बसलो, सुरू केली, आजची तारीख टाकली, आणि पडद्यावर प्रोग्रामऐवजी हिरव्या अक्षरांत एकच ओळ आली. 'सिस्टिम पॉलिसी : एंट्री नॉट परमिटेड.' पुढे काही नाही. बंद केली, पुन्हा सुरू केली, पुन्हा तेच. पॉलिसी म्हटली की मला विम्याचीच माहीत. ही कुणाची पॉलिसी, कुणी ठरवली, प्रवेश कुणाला नाही, काही कळेना. कंपनीचे माहितीपुस्तक मागाहून टपालाने यायचे आहे.

दुपारी अध्यक्ष आले. "कोनं हात लावला मशीनले?" पुतण्याचा चेहरा डोळ्यांपुढे आला, आणि माझ्या तोंडून निघाले, "मी आलो तेव्हा गोपिका तिथे होती."

"काहून वं पोरी?"

"मी त फक्त पुसून राहिली होती, सायेब. बटनं नाही दाबले."

आता सगळे तिच्याकडे बघत होते आणि माझ्याकडे कुणीच बघत नव्हते. मला हायसे वाटले, तेही इथे लिहून ठेवतो.

मी खोटे काही बोललो नाही. ती तिथे होतीच.

१२ सप्टेंबर, शनिवार

आजही तीच ओळ. वायरी काढून पुन्हा लावल्या, मशीनची जागा बदलली, लहानूने कुठूनसा टेबलफॅन आणून वारा घातला. घरी बायकोला, सुमतीला, सगळे सांगितले. ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "आधी तिला दसरा म्हणून सांगितलंत आणि लगेच दुसऱ्या दिवशी सप्टेंबर. माणूस असता तर चिडला असता." मी म्हटले, यंत्राला राग येत नाही, हाच तर त्याचा गुण. बायकांचे तर्क हे असे.

गोपिकेबद्दलही सांगितले. सुमतीचे लाटणे थांबले. "पण तुम्ही तिला बटण दाबताना पाहिलंत का?" नाही, असे मी म्हटलेलेच नाही. "मग अध्यक्षांना काय वाटलं असेल?" मी म्हटले, त्यांना काय वाटावे हे माझ्या हातात आहे का? लाटणे पुन्हा सुरू झाले. भाजीत मीठ कमी होते, पण मागण्याचे धैर्य झाले नाही.

१५ सप्टेंबर, मंगळवार

अखेर कंपनीला ट्रंक कॉल लागला. खरखर इतकी की केशव विहिरीतून बोलत असावा. तो म्हणाला, दिवाळीआधी येणे जमणार नाही. मग विचारले, "तारीख बरोबर टाकता ना?"

मी म्हटले, "रोज खरी तारीख टाकतो. स्वतःच्या हाताने."

"मग कुणाचा तरी हात लागून काही बिघडलं असेल."

फोन मी अध्यक्षांच्या टेबलावरूनच केला होता. त्यांनी "काय म्हनते?" विचारले आणि मी शब्दन् शब्द सांगितले. दाराशी गोपिका टाइप केलेले कागद घेऊन उभी होती. तिने कागद टेबलावर ठेवले आणि मान खाली घालून निघून गेली. कागदांत आज एकही चूक नव्हती. एरवी एखादी असते.

१८ सप्टेंबर, शुक्रवार

गोपिकेला लकडगंजच्या गोदामात पाठवले आहे, पोत्यांना चिठ्ठ्या बांधायला. अध्यक्षांचा हुकूम. किल्ली तिने माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "येतो, सायेब."

मी स्वतःला सांगतो आहे की मी तिच्यावर आरोप केलेला नाही. चारदा सांगून झाले, तरी समाधान नाही. जी गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते तिच्यात काही तरी खोट असते, हे कारकुनी करताना मी दुसऱ्यांच्या बाबतीत कितीदा ताडले आहे.

२१ सप्टेंबर, सोमवार

गोदामात जाण्याचे काही काम नव्हते, तरी गेलो. गोपिका धुळीत बसून सुतळीने चिठ्ठ्या बांधत होती. डोक्याला रुमाल, भुवया पांढऱ्या झालेल्या. मला पाहून झटकन उठली.

"सायेब, तुमी सांगा ना त्यायले. मी नाही दाबलं काही. मायची शपथ."

"पाहू," मी म्हटले.

"तुमचं आयकतेत ते."

"पाहू, पाहू." आणि मी गोदामाच्या पत्र्यांविषयी काही तरी बोलून सटकलो. भित्रा माणूस 'पाहू' म्हणतो तेव्हा तो डोळे मिटून घेत असतो. तिच्या बाजूने बोलायचे म्हणजे मग बिघाड कुणाचा, हा प्रश्न यायचा, आणि त्या खोलीत शिरणारी माणसे दोनच, ती आणि मी.

२४ सप्टेंबर, गुरुवार

पितृपक्ष संपला, नवरात्र लागले. अध्यक्षांना मनातून खात्री होती की पितरपाखामुळेच मशीन अडली. आज ते मुद्दाम सकाळी आले, उदबत्ती लावली, म्हणाले, "आता टाका बडेबाबू खरी तारीख. आता मशीनले काय अडचन?" मी टाकली. 'सिस्टिम पॉलिसी : एंट्री नॉट परमिटेड.'

उदबत्ती जळत राहिली. अध्यक्ष म्हणाले, "म्हंजे पितर नाही. हे त्या पोट्टीचंच काम हाय. आपल्या कुहीकडची म्हनून घेतली होती मी तिले." त्यांच्या आवाजात राग नव्हता, वाईट वाटले होते, आणि त्याने मला जास्त बोचले. "पहिल्या तारखेपासून येऊ नको म्हनून पत्र द्या."

कचेरीत टायपिस्ट एकच, ती गोदामात. म्हणून तिला काढल्याचे पत्र मी स्वतः दोन बोटांनी जुन्या टाइपरायटरवर बडवले. तिचे नाव चुकले, कागद फाडला, पुन्हा घातला. खाली सही माझी. अध्यक्षांचा पुतण्या सोमवारपासून 'शिकायला' येणार आहे.

३० सप्टेंबर, बुधवार

पत्र लहानूकरवी पाठवले. स्वतः द्यायला हवे होते. लहानू परत येऊन म्हणाला, "रडली नाही, बडेबाबू. घडी घालून पदरात बांधलं अन् राहिलेल्या पोत्याइले चिठ्ठ्या बांधत बसली." मी विचारले नव्हते.

सुमतीशी आज दोनदा विनाकारण भांडलो.

२ ऑक्टोबर, शुक्रवार. दसरा

सुट्टी असूनही पूजेसाठी सगळे कचेरीत. टाइपरायटर, गोदामातला मोठा काटा, मशीन, सगळ्यांना झेंडूच्या माळा. पुतण्याने नवी पँट घातली होती. अध्यक्ष म्हणाले, "चालली त चालली, नाही त नाही. पन आज दसरा हाय, एकडाव पाहून घ्या."

मी बसलो. तारीख विचारली. दोन ऑक्टोबर टाकली.

प्रोग्राम उघडला. पहिल्याच ओळीत चंपतरावांचे नाव.

मागे एकच कल्ला झाला. लहानूने पेढे काढले, अध्यक्षांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "मनलं होतं ना मी! दसऱ्याले चालू करा! अन् ती पोट्टी गेल्याबरोबर..." पुढचे मी ऐकले नाही. दोन ऑक्टोबर. मी ही तारीख आधी टाकली होती. याच खुर्चीत, याच बोटांनी, टाळ्या घेत.

सगळे पेढे खायला बाहेर गेल्यावर मी मशीन बंद करून पुन्हा सुरू केली आणि कालची तारीख टाकली. 'एंट्री नॉट परमिटेड.' पुन्हा आजची टाकली. उघडली. बिघाड कुठे नव्हताच. एकदा पुढची तारीख दिली की ही मशीन मागची घेत नाही, एवढीच तिची पॉलिसी. हिशेबाच्या वहीत मागली तारीख कुणी घालू लागला तर मीही त्याचा हात धरला असता. मी तिला दसरा सांगितला आणि ती बिचारी दसऱ्याची वाट पाहत बसली. आणि मी इतके दिवस म्हणत होतो, रोज खरी तारीख टाकतो. सुमतीने तर पोळ्या लाटता लाटता सांगितले होते.

अध्यक्षांना बाजूला नेऊन सगळे सांगितले. ते पेढा हातात धरून ऐकत राहिले.

"हे कोनाले सांगतलं?"

"कुणालाच नाही."

"मंग नका सांगू. मशीन चालू झाली ना? अध्यक्षानं पितरपाखात मशीनले खोटा दसरा दाखवला, असं साऱ्या तालुक्यात होईन." आणि थोडे थांबून, "पोरीचं पाहू मंग कधी."

पाहू. माझाच शब्द मला परत मिळाला. मी मान हलवली आणि घरी आलो. आज गांधी जयंतीही होती. मी असा लाजिरवाणा माणूस आहे.

४ ऑक्टोबर, रविवार

सकाळी एस.टी.ने कुहीला गेलो. सुमतीने न विचारता आपट्याची पाने रुमालात बांधून दिली. धान निसवला होता, बांधाबांधावर बाया गवत कापत होत्या. गोपिकेचे घर लगेच सापडले.

तिची आई रुखमाबाई. मी बडेबाबू म्हटल्यावर त्या बाईने लगबगीने सतरंजी टाकली, पाणी दिले. मी सोने पुढे केले तर तिने माझेच पाय धरायला हात पुढे केले. "पोरीच्या हातून तुमची एवढी महागाची मशीन बिघडली. माफ करजा, सायेब. आमी अडानी लोक."

मी गोपिकेकडे पाहिले. ती कुडाला टेकून उभी होती. म्हणाली, "दाबलं असन सायेब म्याच. पुसता पुसता. लय आठवून पाह्यलं. मले वाटते त्या कोपऱ्यातल्या बटनाले लागला असन हात."

गोदामात आईची शपथ घेणारी मुलगी. आम्ही सगळ्यांनी मिळून तिला इतके दिवस सांगितले आणि तिने ते खरे मानले. तिथे मला जे वाटले त्याला शरम म्हणून भागत नाही. मी सगळे सांगितले. दसऱ्याची तारीख, तिचा काही संबंध नाही, दोष माझा. रुखमाबाईला अर्धे कळले, ती आळीपाळीने आमच्याकडे बघत होती.

गोपिका म्हणाली, "मंग तवा काहून नाही सांगतलं?"

"तेव्हा मला माहीत नव्हतं ग."

"म्या केलं, हे तरी कुठी माहीत होतं?"

रुखमाबाईने आग्रहाने जेवू घातले. नवा धान अजून शेतातच होता. भात जुन्या तांदळाचा आणि वाटाण्याची आमटी. जेवायची इच्छा नव्हती, पण पानात टाकून उठलो असतो तर तिला वाटले असते की मला त्यांचे अन्न आवडले नाही. सगळे संपवले.

५ ऑक्टोबर, सोमवार

आज केले.

सगळे जमेपर्यंत थांबलो, अध्यक्षांनाही खोलीत बोलावले. पुतण्या खुर्चीत बसला होता, त्याला उठवले. सगळ्यांदेखत एक ऑक्टोबरची तारीख टाकली. ती ओळ आली तशी लहानू "अरे बापा, पुन्हा बिघडली!" म्हणून ओरडला. मग आजची टाकली, आणि प्रोग्राम उघडला. मी म्हटले, "मशीन बिघडलीच नव्हती. मी तिला दसरा सांगितला म्हणून ती मागे यायला तयार नव्हती. कल्पना माझी होती. गोपिकेने फक्त धूळ पुसली. आणि त्या दिवशी 'ती तिथे होती' असं म्हणालो, ते स्वतःला वाचवण्यासाठी."

चंपतरावांचे नाव मी घेतले नाही. घ्यायला नकोच होते. डोके माझेच चालले होते. ते उठले, टोपी काढली, पुन्हा घातली. मला वाटले, संपले, आता मीही कुहीच्या वाटेने.

"कल्पना तुमची होती, बडेबाबू," ते म्हणाले. "पन हसलो त मी बी होतो ना." मग पुतण्याकडे न पाहता, "बोलवा तिले. कायमचं पत्र द्या. अन् टाइप तुमीच करा."

दोन बोटांनी केले. या वेळी नाव चुकले नाही.

१२ ऑक्टोबर, सोमवार

गोपिका आजपासून रुजू झाली. लहानूने तिच्यासाठी भजी आणली. अध्यक्ष येऊन "काय वं, बरी हायेस ना?" विचारून गेले. किल्ली मी तिच्या हातात दिली. तिने एका हाताने घेतली. काम झपाट्याने उचलते आहे, दुपारपर्यंत सावनेरकडच्या सगळ्या सभासदांची नावे घालून झाली. मला वाटले, झाले गेले धुऊन निघाले. आज बऱ्याच दिवसांनी जेवण गोड लागले.

१५ ऑक्टोबर, गुरुवार

आज माझी बस चुकली आणि कचेरीत पोचायला फार उशीर झाला. कॉम्प्युटरची खोली बंदच. बाहेरच्या बाकावर गोपिका पर्स मांडीवर घेऊन बसलेली. नोंदणीला आलेली माणसे ताटकळत होती.

मी म्हटले, "अगं, उघडायचं नाही का? तारीख टाकून सुरू करायचं."

"तुमी नव्हते ना, सायेब. तुमी आल्याबिगर मी आत नाही जात. रोजच थांबतो मी."

लहानूला विचारले. तो म्हणाला, परत आली तेव्हापासून ती अशीच बसते, मी जिना चढताना दिसलो की उठते.

तिने उठून कुलूप काढले. किल्ली तिच्या मुठीत होती. इतका वेळ घट्ट धरल्याने तळव्यावर तिचा वळ उठला होता. मी आत गेल्यावर ती आत आली. मी तारीख टाकेपर्यंत हात मागे बांधून उभी राहिली.